आधी कोरा, मग नमुना

डॉ. महानंदा हालकुडे यांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लेख लिहा, असा निरोप समितीने धाडला तेव्हा सोबत एक सूचनाही होती. "काशिनाथराव, जरा आवरतं घ्या. तुम्ही एकदा सुरू झालात की थांबत नाही." सूचना रास्त आहे. घरातूनही तीच मिळते. पण मॅडमविषयी लिहायचं आणि आवरतं घ्यायचं, हे एकाच माणसाला एकाच वेळी जमणं कठीण आहे. प्रयत्न करतो.

मॅडमची आणि माझी पहिली भेट झाली ती एका रिकाम्या तराजूपाशी. मी हिमायतनगरचा. बी.फार्म. चांगल्या मार्कांनी झालो होतो आणि गावात माझा सत्कारबित्कार झाला होता, त्यामुळे डोकं ठिकाणावर नव्हतं. नांदेडच्या महाविद्यालयात एम.फार्म.ला प्रवेश मिळाला आणि पहिल्याच दिवशी मी औषध विश्लेषण विभागात जाऊन उभा राहिलो. मॅडम तेव्हा विभागप्रमुख होत्या. सुती साडी, त्यावर पांढरा कोट, केसांचा घट्ट अंबाडा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काचेच्या पेटीतल्या नाजूक तराजूकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "वजन करून दाखवा."

"कशाचं, मॅडम?"

"कशाचंच नाही."

मला वाटलं, बाई आपली फिरकी घेताहेत. रिकाम्याचं वजन काय करायचं? तरी दार सरकवून बंद केलं आणि आकड्याकडे बघत राहिलो. आकडा शून्यावर येईना. आधीच्या कुणीतरी पारड्यात पांढऱ्या भुकटीचा कण राहू दिला होता, नुसत्या डोळ्यांना तो दिसतही नव्हता.

"काही न ठेवताच तो काहीतरी सांगून राहिलाय," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही तसंच औषध ठेवलं असतं तर ते खोटं वजन तुमच्या औषधाच्या नावावर गेलं असतं. आमच्या अप्पांचं उदगीरच्या मोंढ्यात आडतीचं दुकान होतं. सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाला शरणार्थ म्हणायच्या आधी अप्पा रिकामी तागडी उचलून बघायचे. दोन्ही पारडी सारखी राहिली की मगच दुकान उघडलं म्हणायचे. तुमचं दुकान अजून उघडलं नाही, काशिनाथराव. आधी तराजू पुसा."

मॅडम रागावल्या की विद्यार्थ्याच्या नावापुढे 'राव' लावतात. पहिल्याच दिवशी राव झालेला विद्यार्थी त्या विभागात मी एकटाच असेन. आता केस पिकले तरी ते बिरूद काही सुटलेलं नाही.

या ग्रंथाचे वाचक सगळेच आमच्या धंद्यातले नाहीत, म्हणून थोडं सांगतो. आमचं शास्त्र मोजण्याचं. गोळीच्या पाकिटावर जेवढं औषध छापलंय तेवढं खरंच गोळीत आहे का, आणि ती गोळी खाल्लेल्या माणसाच्या रक्तात त्यातलं किती उतरलं, हे आम्ही मोजतो. एचपीएलसी नावाचं यंत्र असतं. ते मिश्रणातला एकेक पदार्थ वेगळा काढतं आणि कागदावर प्रत्येकाचं एक उंच शिखर काढून दाखवतं. शिखर जेवढं मोठं तेवढं औषध जास्त. मात्र रोग्याचं रक्त यंत्रात घालण्याआधी असं रक्त घालायचं असतं ज्यात ते औषध नाहीच, हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. त्याला आम्ही कोरा म्हणतो. कोऱ्याच्या कागदावर औषधाच्या जागी सपाट रेघ आली पाहिजे. तिथं काही दिसलं तर पुढचं सगळं मुसळ केरात.

सगळीकडे हा कोरा कामाच्या सुरुवातीला एकदा घालून मोकळे होतात. मॅडमकडे तसं नव्हतं. लाईट जाऊन आली, कोरा. जेवणाची सुट्टी झाली, कोरा. नुसता कुणाला संशय आला, तरी कोरा. "आधी कोरा, मग नमुना," हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलंय की माझ्या बायकोलाही पाठ आहे. भाजीत मीठ घालण्याआधी ती चव घेते आणि माझ्याकडे बघून हेच वाक्य म्हणते.

आता चहाची गोष्ट. मॅडम चहा घेत नाहीत हे नांदेडात आणि लातुरात सर्वांना माहीत आहे. त्यामागे पथ्य असेल, व्रत असेल, लिंगायत घरातलं काही सोवळं असेल, असे नाना तर्क मी ऐकले आहेत. सगळे चूक. खरं कारण असं की आमच्या अख्ख्या विभागाला एकदा दमा झाला होता.

झालं असं. दम्याच्या रोग्यांना एक औषध देतात, त्याचं रक्तातलं प्रमाण मोजायची पद्धत आम्ही बसवून राहिलो होतो. कोरा म्हणून विभागातल्याच माणसांचं रक्त घेतलं. यंत्रात घातलं तर दम्याच्या औषधाच्या जागी हे एवढं शिखर! दुसऱ्याचं घातलं, तेच. तिसऱ्याचं, तेच. माझ्या रक्तात तर ते इतकं निघालं की सहकारी म्हणाले, काशिनाथ, डॉक्टरला दाखव. मला दमा नव्हता, दम्याची गोळी मी आयुष्यात घेतली नव्हती. आम्ही द्रावणं बदलली, नळ्या बदलल्या, यंत्राला शिव्या दिल्या. शेवटी मॅडमनी आम्हाला ओळीत उभं करून एकच प्रश्न विचारला, "चहा किती पिता?"

चहातला जो पदार्थ आपल्याला तरतरी देतो, त्याचं शरीरात रूपांतर होतं, आणि त्यातून निघणारा एक पदार्थ या दम्याच्या औषधाचा सख्खा भाऊ शोभावा असा असतो. यंत्राला दोघांतला फरक कळत नव्हता. दिल्ली-मुंबईच्या प्रयोगशाळांना ही अडचण आली असेल नसेल, पण नांदेडात कोरा माणूस शोधणं म्हणजे काय विचारता! विष्णुपुरीपासून स्टेशनपर्यंत माणूस भेटला की आधी चहा, मग नाव. मॅडमनी आम्हाला चार दिवस चहा सोडायला सांगितलं. सगळ्यांनी हो म्हटलं. चौघांनी शपथ घेतली. रक्त तपासलं, चौघेही पिऊन आले होते. मी त्यांतला एक. कँटीनवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही.

तोपर्यंत मॅडमचाही दिवस चहाशिवाय सुरू होत नसे; उदगीरचं घर, वेलदोडा घातलेला, दाट दुधाचा. त्यांनी कप उपडा घातला तो घातलाच. काही दिवसांनी बाही वर करून म्हणाल्या, "माझं घ्या." कागदावर सपाट रेघ आली. तेव्हापासून आमच्या प्रयोगशाळेचा कोरा म्हणजे मॅडमचं रक्त. त्यासाठी त्या चहा घेत नाहीत, डोकं दुखलं तरी गोळी घेत नाहीत, सर्दीला आल्याचा काढासुद्धा विचार करून घेतात. आमच्यातल्या किती जणांच्या पदव्या त्या रक्तावर उभ्या आहेत, याचा हिशोब कुणी केलेला नाही. मी चहा सोडला का, असं कृपया कुणी विचारू नये.

मॅडम गोड बोलणाऱ्या आहेत असा कुणाचा समज या लेखामुळे होऊ नये. माझा पहिला शोधनिबंध त्यांनी वाचला, बाजूला ठेवला आणि विचारलं, "यातलं कोणतं वाक्य तुम्ही कोर्टात शपथेवर सांगाल?" मी काही वाक्यांखाली रेघ ओढली. "तेवढंच ठेवा," म्हणाल्या. निबंध निम्मा झाला आणि छापायला बराच उशीर. इतर मार्गदर्शकांचे विद्यार्थी पेढे वाटत होते तेव्हा आम्ही नळ्या धूत होतो. मला त्याचा राग यायचा, आणि तो मी मागच्या बाकावर बसून पुरेपूर व्यक्तही करायचो. पण त्या निबंधातलं एक वाक्यही आजवर मागे घ्यावं लागलेलं नाही.

एकदा एका औषध कंपनीचे गृहस्थ आले. त्यांच्या गोळीत छापल्यापेक्षा औषध कमी निघालं होतं. माणूस वजनदार, संस्थेच्या मंडळींत त्यांची ऊठबस. गोड बोलून म्हणाले, "मॅडम, एवढ्या तेवढ्यानं काय होतंय? तुमच्याकडून काही राहून गेलं असेल." आम्हाला वाटलं, आता राव लागणार. पण मॅडम शांतपणे म्हणाल्या, "असू शकतं. तुम्हीच करून बघा." आणि त्या गृहस्थांना पांढरा कोट घातला, खुर्चीवर बसवलं, गोळ्या कुटायला लावल्या, तराजू पुसायला लावला, आधी कोरा घालायला लावला. दुपार होईपर्यंत त्यांच्याच हातून तोच आकडा आला. ते रुमालानं मान पुसत निघून गेले. आमच्या विभागात चहा मिळत नाही याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं असावं.

माझी आई नांदेडला दवाखान्यात होती तेव्हाचं एक सांगतो. मी कुणाला काही बोललो नव्हतो. मॅडमना कुठून कळलं ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डात गेलो तर मॅडम आईच्या उशाशी बसलेल्या, समोर ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी. दोघी बियाण्यावर बोलत होत्या. आई बरी होईपर्यंत त्यांचा डबा चुकला नाही. त्या कोण हे मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ही तुझी मॅडम? जिच्या नावानं तू रडतोस ती? लई साधी बाई हाय की रे. मला वाटलं बाजूच्या खाटेवरलीची भन हाय." मी मॅडमना हे सांगितलं नव्हतं. आज छापून सांगतो.

पण मॅडम खऱ्या कळायच्या असतील तर मुखेडच्या सुवर्णाची हकीकत सांगायलाच हवी. आवरतं घेण्याचं वचन इथं मोडतो.

मुखेडच्या बाजारात एक शिंपी होते, नामदेवराव. सुवर्णा त्यांची लेक, गावातच दिलेली. तिला फिट यायची. त्यावर गोळ्या चालू होत्या, तरी फिट थांबेना. तिथल्या एका डॉक्टरांनी तिच्या रक्तातलं औषध मोजायला नमुना आमच्याकडे पाठवला. त्या काळात त्या भागातून असे नमुने एसटीच्या कंडक्टरजवळ देत आणि आम्ही स्टँडवर जाऊन उतरवून घेत असू. आम्ही मोजलं. औषध हवं त्यापेक्षा बरंच कमी निघालं. तसं कळवलं आणि विसरून गेलो.

काही दिवसांनी नामदेवराव प्रयोगशाळेच्या दारात उभे. हातात टोपी. आत यायला तयार होईनात. मॅडमनीच बाहेर जाऊन त्यांना आणून बसवलं.

"मॅडम, तुमच्या कागदानं माझ्या लेकीचं घर मोडून राहिलंय," ते म्हणाले. आवाज चढा नव्हता. "डॉक्टर म्हनले, रगतात औषध न्हाई, पोरगी गोळ्या फेकून देती. सासूनं ते ऐकलं. म्हनती, आम्ही गोळ्या आनायच्या आन् हिनं मोरीत टाकायच्या, असली खोटारडी सून आमाला नगं. नवरा बी गप हाय. पंचमीला आलेली पोरगी, न्यायला कुनी येईना."

"तुम्हाला काय वाटतं?" मॅडमनी विचारलं.

"वाटायचं काय त्यात? पंचमीपासून ती माझ्याच घरी हाय. रोज मी सोता गोळी हातावर ठेवतो, पानी देतो, तोंड उघडून दाखव म्हंतो. लहान लेकरावानी. आन् तुमच्याकडं धाडलेलं रगत घेतलं ते ह्याच दिवसांत. मी डॉक्टरला तसं सांगितलं. तर ते म्हनले, घेत आसंल तर मंग गोळी कमी पडती, वाढवू." त्यांनी खिशातून नवी चिठ्ठी काढली. "ही वाढीव गोळी. आनली हाय, दिली न्हाई. मला एवढंच सांगा, देऊ का नको?"

हे औषध मोठं अवघड आहे. एका मर्यादेनंतर गोळी थोडीशी वाढवली तरी रक्तात भलतंच चढतं आणि माणूस झिंगल्यासारखा तोल जाऊन पडतो, कधी त्याहून वाईट होतं. आकडा खरा असेल तर वाढीव गोळीनं सुवर्णा बरी होणार होती. खोटा असेल तर ती गोळी विष होती.

नामदेवराव बाहेर बसले तेव्हा आम्ही सगळ्यांनी मॅडमना समजावलं की बाप लेकीची बाजू घेणारच. यंत्र ठीक, कोरा सपाट, सगळं ठीक. मॅडम म्हणाल्या, "आकडा खरा असेल तर बाप खोटा. बाप खरा असेल तर आकडा खोटा. त्या माणसाला मी पुन्हा तपासायला बसवणार नाही. आकड्याला बसवा."

आधी त्यांनी मुखेडच्या डॉक्टरांना फोन लावला. पलीकडचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता. "मॅडम, तुम्ही रसायनशास्त्रातल्या. डोस मी ठरवतो."

"डोस तुमचाच आहे, डॉक्टरसाहेब," मॅडम म्हणाल्या. "पण आकडा माझा आहे, आणि माझ्या आकड्यावर तुम्ही डोस वाढवताय. मला माझ्याच आकड्याची शंका आलीय. थोडे दिवस थांबा, एवढी विनंती." डॉक्टर भले होते, थांबले.

मग शोध सुरू झाला. नामदेवरावांनी आणलेल्या गोळ्या तपासल्या, गोळीत औषध पूर्ण. उरलेला नमुना परत मोजला, तोच कमी आकडा. यंत्र उघडून पुसलं, परत तोच. म्हणजे गोळी खरी, बाप खरा, यंत्र खरं आणि तरी आकडा खोटा. मी म्हटलं, "मॅडम, आता तपासायला काही उरलंच नाही."

"उरलंय," त्या म्हणाल्या. "मुखेड ते नांदेड."

आणि एसटीनं मुखेडला गेल्या, मला बरोबर घेऊन. दवाखान्यातल्या सिस्टरबाईंना म्हणाल्या, "सुवर्णाचं रक्त कसं घेतलं ते मला जसंच्या तसं दाखवा. माझ्या हातातून घ्या." सिस्टरबाईंनी पिवळ्या टोपणाची नळी काढली. या नळीच्या तळाशी चिकट जेल असतं. रक्त फिरवलं की लाल भाग खाली जातो, मध्ये जेलचा पडदा बसतो आणि वर पिवळसर पाणी राहतं. साखर वगैरे तपासायला ही नळी फार सोयीची. नळी फ्रिजमध्ये ठेवायची आणि गाडी मिळेल तेव्हा कंडक्टरजवळ द्यायची, मग दुसऱ्या दिवशी का होईना ती आमच्याकडे पोचायची. त्यात कुणाचं काही चुकलं असं कोण म्हणेल? मॅडम त्या जेलकडे बघत राहिल्या.

नांदेडला आल्यावर त्यांनी बाही वर केली. त्यांचं कोरं रक्त घेतलं, त्यात फिटचं औषध मोजून घातलं, अर्धं साध्या काचेच्या नळीत ओतलं आणि अर्धं जेलच्या. दोन्ही नळ्या कंडक्टरच्या हाती मुखेडला पाठवल्या, तिथल्या फ्रिजात ठेवल्या आणि एसटीनंच परत मागवल्या. मोजलं. साध्या नळीत औषध जेवढं घातलं तेवढं. जेलच्या नळीतलं बरंचसं गायब. जेलनं ते वाटेत हळूहळू शोषून घेतलं होतं. सुवर्णाच्या रक्तातलं औषधही तसंच गेलं होतं. तिनं गोळी घेतली होती, आणि ती घेतली नाही असं वाटावं असा आकडा आम्ही पाठवला होता.

सुवर्णाचं रक्त साध्या नळीत परत घेतलं, तेव्हा औषध हवं तेवढं निघालं. वाढीव गोळी नामदेवरावांनी दुकानात परत केली. डॉक्टरांनी तिला नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं, तिथं दुसरं औषध जोडून दिलं आणि हळूहळू फिट थांबल्या. आमच्याकडून तेवढ्यावर काम संपलं होतं. सुधारलेला अहवाल पोस्टानं गेला असता तरी कुणी नाव ठेवलं नसतं. नळी कोणती घ्यायची हे आम्ही दवाखान्यांना कधी सांगितलं नव्हतं, पण त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. मी तसं बोलून दाखवलं. मॅडम म्हणाल्या, "काशिनाथराव, पोस्टमन त्या सासूला जाऊन सांगणार आहे का?"

म्हणून आम्ही पुन्हा मुखेडला. या वेळी सुवर्णाच्या सासरी. नामदेवराव आणि सुवर्णाही आले होते, पण उंबऱ्याबाहेरच थांबले होते. सासूबाई खाटेवर बसलेल्या, करारी बाई. मॅडम त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि हात जोडले.

"तुमच्या सुनेनं गोळ्या घेतल्या होत्या. रोज घेतल्या. आमचा आकडा चुकला. ते सांगायला आले."

सासूबाईंनी विचारलं, "येवढ्या शिकलेल्या बाईचं बी चुकतंय व्हय?"

"हाव. चुकतंय," मॅडम म्हणाल्या.

"मंग माझं बी चुकलं म्हनायचं." सासूबाई उठल्या, उंबऱ्यापाशी गेल्या आणि सुवर्णाला म्हणाल्या, "भाईर काय हुबी हायस? आत ये. पाहुन्यास्नी चहा टाकते."

चहा आला. पितळी तबकात कपबश्या, साखर सढळ हातानं घातलेली. सासूबाईंनी पहिला कप मॅडमसमोर धरला. मी घाईघाईनं म्हणालो, "मॅडम चहा घेत नाहीत." त्या घरात त्या क्षणी नाकारलेल्या चहाचा अर्थ काय झाला असता, हे आपल्या भागातल्या कुणालाही सांगायला नको. मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं की मनातल्या मनात मला राव लागला. त्यांनी कप घेतला, बशीत चहा ओतला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या. मग दुसरा कप उचलून त्यांनी स्वतः सुवर्णाच्या हातात दिला. सुवर्णा रडत होती आणि पीत होती. माझेही डोळे भरून आले, ते कबूल करायला मला लाज वाटत नाही.

परतताना एसटीत मॅडम खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "चांगला होता हो चहा." थोड्या वेळानं म्हणाल्या, "विभागात सांगा, चार दिवस माझं रक्त कोरं नाही."

तेव्हापासून आमच्या प्रयोगशाळेतून प्रत्येक दवाखान्याला आधी साधी नळी जाते, मग नमुना येतो. मी लातूरला प्रयोगशाळा सांभाळू लागलो, तिथंही हाच रिवाज आहे. निवृत्तीनंतर मॅडम लातूरला मुलाकडे राहायला आल्या, हे आमचं भाग्य. अजूनही अधूनमधून येतात, तराजूपाशी उभ्या राहतात, नव्या मुलांना रिकामं पारडं मोजायला लावतात आणि जाताना बाही वर करतात. या वयात रक्त कशाला देता, असं मी एकदा म्हणालो. "वय झालं म्हणून त्यात काही मिसळतं का?" असा उलट प्रश्न आला. मध्यंतरी डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा शुद्धीवर आल्यावर त्यांनी मलाच फोन केला. मला वाटलं, काही हवं असेल. म्हणाल्या, "थेंब चालू आहेत. सध्या माझं घेऊ नका."

या वयात ज्यांच्या उशाशी एकही गोळी नाही अशी माणसं थोडी. वर्षानुवर्षं मॅडमनी आमच्यासाठी शरीर कोरं ठेवलं, त्याचीच ही पुण्याई असावी असं मला वाटतं, पण ते मी शपथेवर सांगू शकणार नाही, म्हणून खोडून टाकायला हवं. ठेवतो. राव लागला तर लागू दे.

सत्काराला सुवर्णाबाई मुखेडहून येणार आहेत. नामदेवराव थकलेत, पण येतो म्हणालेत. सासूबाईंना आता प्रवास झेपत नाही. त्यांनी सुनेच्या हाती थर्मास पाठवायचं ठरवलंय आणि निरोप दिलाय, "मॅडमला म्हनावं, येकदा चुकला तवा पेलात, आता काई न चुकता प्या." मॅडम, तो कप त्या दिवशी जरूर घ्या. आमची काही हरकत नाही, चार दिवस आम्ही थांबू. त्यानंतर मात्र पुढची पुष्कळ वर्षं बाही वर करून आमच्याकडे येत राहा, आणि आमच्या यंत्राला तुमच्या रक्तात कधीही काहीही सापडू नये.